चिपाडाच्या शेड्सचं पुढे काय झालं?

दरवर्षी मुलांनी हातानं केलेल्या वस्तूंच्या प्रदर्शनात कुणी ना कुणी पालक विचारतातच, "मॅडम, छान आहे हो, पण हे सगळं कंप्युटरवर नाही का शिकवता येत? आणि या वस्तूंचं पुढे काय होतं?" आजवर हसून टाळलं.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मैद्याची खळ पातळ झाली की उसाच्या चिपाडाचे तंतू सुटतात. घट्ट झाली की थर आतून ओला राहतो आणि तिसऱ्या दिवशी वास मारतो. हे पडद्यावर कसं कळणार? योझेफ आल्बर्स हे चित्रकार-शिक्षक जर्मनीतल्या बाउहाउस या कला-डिझाइनच्या शाळेत मुलांच्या हातात वर्तमानपत्रं देऊन त्यातून काहीतरी घडवायला सांगत, तेही कागद वाया न घालवता. हा दाखला मी इतक्यांदा दिलाय की माझा मलाच कंटाळा आलाय.

दुसरा प्रश्न मात्र मनाला लागतो.

एका वर्षी रसवंतीवरून चिपाड आणून, कुटून, खळीत कालवून मुलांनी दिव्याच्या शेड्स केल्या. उन्हाळ्यात कडक वाळल्या होत्या. जुलैत सादळल्या, खाली बसल्या, कडेनं हिरवी बुरशी धरली. ज्यूरी, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडून मार्क मिळवायचा दिवस, परवावर. मीच म्हटलं, "बुरशी खरवडा, वाळवा आणि इपॉक्सीचा हात मारा." मारला. इपॉक्सी म्हणजे वाळून प्लास्टिकसारखं कडक होणारं रसायन. शेड्स चमकल्या. 'शाश्वत' हा शब्द पाटीवर तसाच होता. मार्क चांगले पडले.

सामान आवरताना कोल्हापूरकडची एक मुलगी थांबली. "मॅडम, आमच्या गुऱ्हाळावर चिपाड चुलवाणात जातं, राख शेतात. हे आता कुठं टाकायचं?"

इपॉक्सी लावलेलं चिपाड कुजत नाही, वितळवून पुन्हा वापरता येत नाही, आणि जाळलं तर विषारी धूर. मला हे माहीत नव्हतं असं नाही. तिला म्हणाले, "राहू दे कपाटावर, बघू."

तेव्हाची मी आजही माझ्याशी वाद घालते: बुरशी लागलेल्या शेड्स मांडल्या असत्या तर मुलांचं वर्ष गेलं असतं, ज्यूरीला काय तोंड दाखवलं असतंस? खरंय. पण बुरशी हाच तर प्रयोगाचा निकाल होता, आणि तो पुसायला मुलांना मी शिकवलं. यावर तेव्हाच्या माझ्याकडे उत्तर नाही. आजच्या माझ्याकडे तरी कुठे आहे?

म्हणजे पालकांनो, पुढे काय होतं, तर शेड्स अजून कपाटावरच आहेत. यंदाही चिपाड आणलंय. ज्यूरी पुन्हा जुलैतच आहे. इपॉक्सीचा डबा मी टाकलेला नाही, कुलपात ठेवलाय. किल्ली माझ्याच पर्समध्ये असते.