आमची वाटचाल : ग्राफिक्स कार्डावरील एन्क्रिप्शन

आमच्या फर्मची सुरुवात बॅकअपच्या कामातून झाली. ग्राहकांच्या फाइली रात्री गोळा करायच्या, एन्क्रिप्ट करायच्या (म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशा सांकेतिक रूपात बदलायच्या) आणि दूरच्या सर्व्हरवर पाठवायच्या, एवढेच आमचे काम होते. परंतु एन्क्रिप्शनचा टप्पा इतका रेंगाळत असे, की सकाळी कार्यालये उघडली तरी रात्रीचे काम आटोपलेले नसे. २००७ मध्ये एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीने कूडा ही प्रोग्रामिंगची व्यवस्था खुली केली आणि ग्राफिक्स कार्डावर (पडद्यावरची चित्रे रेखाटणाऱ्या संगणकातील भागावर) सर्वसाधारण गणना सी भाषेच्या धर्तीवर लिहिता येऊ लागली, तेव्हा आम्ही तिघांनी हे काम कार्डावर चालवून पाहायचे ठरवले.

एईएस ही २००१ पासून प्रमाण मानली गेलेली एन्क्रिप्शनची पद्धत माहितीचे १६ बाइटांचे ब्लॉक पाडते आणि किल्लीच्या (एन्क्रिप्शनसाठीच्या गुप्त आकड्याच्या) लांबीनुसार प्रत्येक ब्लॉकवर १०, १२ किंवा १४ फेऱ्या चालवते. एईएस वापरण्याच्या सीबीसी प्रकारात एन्क्रिप्ट करताना प्रत्येक ब्लॉकला आधीच्या ब्लॉकचा निकाल लागतो, त्यामुळे हाताशी हजारो थ्रेड (एकाच वेळी चालणारी छोटी कामे) असले तरी सगळे रांगेत ताटकळतात. काउंटर प्रकारात मात्र फक्त चढते आकडे एन्क्रिप्ट करून त्यांचा मजकुराशी एक्सऑर (दोन बिटांची जुळवणी, जी तशीच पुन्हा केली की मूळ परत मिळते) करायचा असतो, आणि कोणताही ब्लॉक दुसऱ्यावर अवलंबून नसतो. साहजिकच आम्ही काउंटर प्रकार निवडला.

पहिली आवृत्ती साध्या प्रोसेसरपेक्षाही संथ निघाली. फेऱ्यांसाठी लागणारी कोष्टके आम्ही कार्डाच्या मुख्य मेमरीत ठेवली होती, आणि प्रत्येक थ्रेड दर फेरीला तिथवर हेलपाटे घालत होता. चारही कोष्टके मिळून जेमतेम ४ किलोबाइटांची. ती शेअर्ड मेमरीत (कार्डाच्या चिपवरील छोट्या, जलद मेमरीत) हलवताच कार्डावरची गणना झपाट्याने होऊ लागली. तरीही घड्याळ लावून पाहिले, तर एकूण वेळ फारसा घटला नव्हता, कारण खरा वेळ माहिती कार्डापर्यंत नेण्यात आणि परत आणण्यात जात होता. त्यावर उपाय म्हणून मेमरी पिन केली (म्हणजे तिची जागा पक्की केली), फाइलचे मोठे तुकडे पाडले आणि एक तुकडा एन्क्रिप्ट होत असतानाच पुढचा वाटेवर आणि मागचा परतीच्या प्रवासात, अशी साखळी बसवली.

याच साखळीत आमच्या हातून सर्वांत गंभीर चूक झाली. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे कार्डावर जात असल्याने त्याचा काउंटर पुन्हा शून्यापासून सुरू होत होता. उलगडतानाही तोच प्रोग्राम तीच चूक करी, त्यामुळे मूळ फाइल बिनचूक परत मिळे आणि आमच्या सगळ्या चाचण्या उत्तीर्ण होत. मानकासोबतची काउंटर प्रकाराची नमुना उदाहरणे चारच ब्लॉकांची, म्हणजे एकाच तुकड्यात मावणारी आहेत. तीही तंतोतंत जुळली. एके दिवशी वेग मोजण्यासाठी सहज म्हणून नुसत्या शून्यांनी भरलेली फाइल दिली आणि निकाल हेक्समध्ये (प्रत्येक बाइट आकड्यांत दाखवून) उघडला, तर दुसऱ्या तुकड्याचे बाइट पहिल्याची हुबेहूब नक्कल होते. अशा वेळी दोन तुकड्यांचा एक्सऑर केला, की किल्लीचा परिणाम नाहीसा होतो आणि मूळ मजकुरांचाच एक्सऑर हाती उरतो. ग्राहकांना फोन करून हे सांगणे जड गेले. सगळे बॅकअप नव्या किल्लीने पुन्हा घेईपर्यंत आम्ही नवीन काम स्वीकारले नाही.

२०१० मध्ये इंटेलच्या प्रोसेसरांत एईएससाठी खास सूचना (प्रोसेसरला थेट समजणाऱ्या आज्ञा) आल्या. एका सूचनेत एक अख्खी फेरी उरकू लागली. आमच्या विक्रीचा मुख्य मुद्दाच त्यामुळे निकालात निघाला. त्या काळच्या पीसीआय एक्स्प्रेस २.० च्या १६ लेनच्या स्लॉटला (कार्ड जोडण्याच्या जागेला) एका दिशेने सेकंदाला ८ गिगाबाइट ही कागदोपत्री मर्यादा होती, आणि प्रोसेसरचे सगळे कोअर (स्वतंत्रपणे गणना करणारे भाग) कामाला लावले, तर माहिती कार्डापर्यंत जाऊन परत येईतो ते मोकळे होत. मी त्यावर बरेच दिवस वाद घातला, पण आकडे माझ्या बाजूने नव्हते. बॅकअपचे एन्क्रिप्शन आम्ही प्रोसेसरवर परत नेले.

कार्डाचा उपयोग उरला तो माहिती मुळात कार्डावरच तयार होते तिथे. चित्रफितींवरील प्रक्रिया किंवा मोठ्या गणनांचे निकाल कार्डाबाहेर पडण्यापूर्वीच एन्क्रिप्ट करता येतात आणि वेगळा फेरा वाचतो. आज आमचे बहुतेक काम याच प्रकारचे आहे. २०१६ मध्ये संशोधकांनी कोष्टकांवर आधारलेल्या एईएसला कार्डावर लागणाऱ्या वेळेवरून किल्ली हुडकून दाखवली, तेव्हा आम्ही कोष्टके पूर्णपणे काढून टाकली. आता अनेक ब्लॉकांचे बिट आडवे मांडून सारे काम तार्किक क्रियांनी होते. कोणत्याही किल्लीला सारख्याच क्रिया लागतात. काम संपल्यावर कार्डाच्या मेमरीतील किल्ली पुसण्याची पायरीही त्याच आवृत्तीत घातली, कारण आधीच्या प्रोग्रामचे अवशेष तिथे राहू शकतात.

नवा ग्राहक आला, की माहिती कुठे तयार होते, हे आम्ही सर्वप्रथम विचारतो. ती डिस्कवर असेल, तर नवे कार्ड घेऊ नका असे सांगतो, आणि त्यापायी काही कामे हातची जातात.