औत सोडून

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याचा मी वार्ताहर. पगार नाही, जाहिरातींवर कमिशन. त्यामुळे निम्मं वर्ष पुढाऱ्यांच्या वाढदिवसांमागं जातं आणि उरलेल्यात बातम्या. रोज पहाटे जिल्हा पानाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरते. गावात ती कोणी फारशी उघडत नाही. काय झालं ते गावाला कालच कळलेलं असतं. उघडतात ती चाकण, भोसरी, रांजणगावला गेलेली पोरं, नाइट शिफ्ट सुटल्यावर.

मे महिन्यात वीज पडल्याच्या बातम्या इतक्या येतात की साचा ठरलेला आहे. शिवाराचं नाव, वेळ, जनावर, 'अंदाजे इतक्या हजारांचे नुकसान', पंचनामा. माणूस मेला तर चौकट. जनावर असेल तर डेस्कवाले सहा ओळींत गुंडाळतात. २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा मुंबईचे कॅमेरेवाले फलाटावर मावत नव्हते, पण एका बैलासाठी कोण येणार?

म्हणून माझी आपली एक सवय. पोलीस पाटलाच्या फोनवर बातमी लावायची नाही, शेतात जायचं. त्या दिवशीही गेलो. लिंबाच्या झाडाखाली एक लाल कंधारी बैल पाय ताणून पडलेला, दुसरा दोन वावरं पलीकडं पळून जाऊन थरथरत उभा. वखर तसाच तासात. तात्या बांधावर बसलेले. म्हणाले, आभाळ भरून आलं म्हणून बैल सोडून झाडाखाली बांधले आणि विहिरीवर पाणी प्यायला गेलो, तेवढ्यात पडली. वीज येणार असेल तर मोबाइलवर 'दामिनी' ॲप सांगतं, हे आम्ही दरवर्षी छापतो. तात्यांचा मोबाइल भाकरीच्या पिशवीत, पिशवी त्याच झाडाला.

मी लिहिलं : 'औत सोडून पाणी पिण्यासाठी गेल्याने शेतकरी बालंबाल बचावले.' डेस्कनं त्या ओळीचाच मथळा केला. वर्षातून दोनदा कधी माझा मथळा राहतो. मी स्टेटसला ठेवला.

सकाळी सव्वासातला पुण्याहून फोन. आवाज तरुण, फार अदबीचा. "सर, हे औत सोडून वगैरे... ते नक्की तेच होते का? आमच्यात रान बटईनं दिलंय. बैल दिवाळीतच विकलेत."

मी म्हणालो, "नाही हो, त्यांनीच सांगितलं मला. मी स्वतः गेलो होतो." 'स्वतः'वर जरा जोरच दिला.

पलीकडून "बरं सर" एवढंच आलं.

दुपारी तात्या एस.टी.नं थेट माझ्या टेबलापाशी. गेल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झालेली. डॉक्टरांनी औत हाकायचं नाही म्हणून बजावलेलं, मुलानं शपथ घातलेली. यांनी मान डोलावली, हाळी-हंडरगुळीच्या बाजारात जोडी विकल्याचं फोनवर सांगितलं आणि मुलगा औषधाला पाठवायचा त्यातून कडबा घेत राहिले.

"बैल मेल्याचं लिव्हायचं व्हतं," ते म्हणाले. "बटईवाल्याचा बैल म्हनून सांगितलं असतं म्या. औताचं कामून लिव्हलाव?"

मी म्हणालो, बातमी खरी आहे.

"खरी हाय म्हनूनच की!"

त्यांना खुलासा हवा होता. जिल्हा कार्यालय आमदाराचा खुलासा दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर घेतं, यांचा कोण घेणार? शिवाय मदतीच्या फायलीत बैल त्यांचाच हवा. ओढकामाच्या जनावराला ३२ हजार, तेही पंचनामा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा शवविच्छेदन अहवाल जोडला तर. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. नाव लांबलं, सहीला हेलपाटे तेवढेच.) हाळीला चांगली जोडी लाखाच्या पुढंच बोलली जाते.

"मग तुमीच फोन करा. माझी चूक झाली म्हना. तुमची काय नोकरी जात न्हाई."

ते मात्र खरं होतं. नोकरीच नाही.

मी फोन लावला, स्पीकरवर. तोंडात वाक्य तयार होतं, 'थोडी गफलत झाली.' मुलानं ते पुरं होऊच दिलं नाही. "सर, ते तुमच्यापाशी बसलेत ना? विचारा त्यांना, कोणता गेला?"

शिवार, वेळ, नुकसानीचा आकडा, सगळं माझ्या बातमीत होतं. कोणता गेला, हे नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

तात्या फोनकडं वाकले. "चांद्या," म्हणाले.

बराच वेळ दोन्हीकडून काही नाही. पाठीमागं कसली तरी मशीन चालू असल्याचा आवाज येत होता, म्हणजे पोरगं घरी न जाता कंपनीतच थांबलेलं. मी आधार कार्डाची झेरॉक्स आणायच्या निमित्तानं बाहेर गेलो. परत आलो तेव्हा फोन टेबलावर पालथा होता आणि तात्या उपरणं झटकत उठले होते. काय बोलणं झालं, मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नको, अजून ठरत नाही.

स्टॅंडवर सोडायला गेलो. गाडीच्या पायरीवर चढून ते वळले.

"त्या दुसऱ्याचं काय छापू नका."