मार्शल अटॅक: फाईल ‘समान’ म्हणून थांबते तिथून पुढे

बुद्धिबळातल्या ओपनिंगच्या फाईल्सवर (सुरुवातीच्या खेळ्यांच्या तयार विश्लेषणांवर) माझा एकच राग आहे. वजिरांची मारामारी झाली रे झाली की ‘काळ्याकडे भरपाई, समान’ असं लिहून त्या मोकळ्या होतात. खरं काम तिथूनच सुरू होतं.

मी तपासत होतो ती मार्शलमधली (काळा एक प्यादं देऊन हल्ला चढवतो ती सुरुवात) १२. डी३ ची शाखा. आधीच्या ११ खेळ्या पाठच असतात. पुढे १२...उंट डी६ १३. हत्ती ई१ उंट एफ५ १४. वजीर एफ३ वजीर एच४ १५. जी३ वजीर एच३ १६. घोडा डी२ ए-हत्ती ई८ १७. घोडा ई४ उंट जी४ १८. वजीर जी२. वजिरांची मारामारी होते, १९ व्या खेळीला पांढरा राजा जी२ वर येतो आणि फाईल संपते. पांढऱ्याचं एक प्यादं जास्त, उंट दोघांकडेही दोन-दोन.

इथे १९...एफ५ खेळून बघा. घोड्याने डी६ वरचा उंट मारला तर ई१ वरचा हत्ती जातो, कारण सी१ वरचा उंट ए१ च्या हत्तीची वाट अडवून बसलाय. म्हणजे घोडा नावालाच मोकळा. म्हणून २०. एच३ उंट एच५ २१. उंट एफ४, आता हत्तींना एकमेकांचा आधार मिळतो. २१...उंट×एफ४ २२. जी×एफ४ एफ×ई४ २३. डी×ई४. आता खरी अडचण. काळ्याचा एक मोहरा जास्त आहे, पण डी५ वरचा घोडा बी३ च्या उंटाने राजासमोर बांधलेला, त्यामुळे एफ४ चं प्यादं मारून शह देणं नियमातच बसत नाही. पुढच्या खेळीला घोडा गेला की पांढऱ्याकडे दोन प्यादी जास्त उरतात.

तोडगा आहे २३...उंट एफ३ शह! उंट फुकट द्यायचा. २४. राजा×एफ३ हत्ती×एफ४ शह २५. राजा जी२ एफ-हत्ती×ई४ २६. हत्ती×ई४ हत्ती×ई४ २७. उंट×डी५ शह सी×डी५. उरले एकेक हत्ती आणि पाच-पाच प्यादी. पटावर १४ मोहरे, टेबलबेस (थोड्या मोहऱ्यांच्या स्थितींची अचूक उत्तरं साठवलेला संग्रह) सातपर्यंतच. त्याची मदत नाही. इंजिन (बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम) शून्याच्या, म्हणजे बरोबरीच्या, आसपास घुटमळतं, आणि शून्य कशामुळे ते सांगत नाही. याचीच मला चीड येते.

कारण हाताने शोधावं लागतं. डी५ एकटं प्यादं, म्हणून २८. हत्ती डी१ सुचतं. त्याचं रक्षण करत बसू नका: २८...हत्ती ई२! २९. हत्ती×डी५ हत्ती×बी२, आणि आता ए२ पडतंय. पांढऱ्याने ३०. हत्ती डी८ शह, राजा एफ७ ३१. हत्ती ए८ असा ए६ वर डोळा ठेवला तर ३१...हत्ती×ए२. आता ए६ मारता येत नाही, कारण ए२ चा हत्ती त्याच पट्टीतून त्याला राखतो. ही एक युक्ती चुकली की शून्याला अर्थ नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: इंजिनला एकच सर्वोत्तम खेळी विचारू नका, तीन-चार पर्याय उघडे ठेवा. २५ व्या खेळीला राजा जी२ की जी३, हा फरक तसाच दिसतो. राजा जी२ वर असेल तर २८. एफ३ ला हत्ती ई२ शह बसतो आणि बी२ जातं. जी३ वर असेल तर तो शह नाही, पांढऱ्याला बी४ खेळायला वेळ मिळतो. दोन्ही जागा वेगळ्या तपासा.

हा शेवट इंजिनशी दोन्ही बाजूंनी खेळून बघाच, कमी वेळात. घड्याळ नसेल तर सगळेच शेवट बरोबरीचे वाटतात.

एक फाटा फाईलमध्ये सहसा नसतो. २७ व्या खेळीला पांढरा घोडा न मारता हत्ती डी१ खेळतो आणि बांधलेपण कायम ठेवतो. २७...राजा एफ८ २८. उंट×डी५ सी×डी५ २९. हत्ती×डी५ हत्ती ई२ ३०. राजा एफ३ हत्ती×बी२. हा आधीचाच शेवट, फक्त दोन्ही राजे एकेक घर सरकलेले. इथे डी८ वरचा शह काळ्याच्याच पथ्यावर पडतो: राजा ई७ वर येतो आणि हत्तीला पळावं लागतं.