आईच्या गोळीत शिंपला निघाला
काल आईची कॅल्शियमची स्ट्रिप सहज उलटी करून वाचली तर बारीक अक्षरात 'ऑयस्टर शेल', म्हणजे कालवाचं कवच, आणि आमची आई पक्की माळकरी, अंड्याचा केकपण चालत नाही तिला!! सांगू की नको करत शेवटी सांगितलंच. तर म्हणते, "अगं, मग मुक्ताशुक्ती भस्म काय वेगळं असतं?" घ्या! तसं बरोबरच आहे म्हणा, ते आयुर्वेदिक भस्मही मोत्याच्या शिंपल्याचंच, दोन्हीत मुख्य कॅल्शियम कार्बोनेटच. १२५० मिग्रॅ कार्बोनेटातून खरं कॅल्शियम मिळतं ५०० मिग्रॅच. आणि ते विरघळायला पोटातलं अ‍ॅसिड लागतं म्हणून गोळी जेवणासोबत घ्यायची, पण आई सकाळी उपाशीपोटी थायरॉईडच्या गोळीबरोबरच गिळायची, खरंतर दोन्हीत ४ तासांचं अंतर हवं! आता ती गोळी दुपारी ताटाशेजारच्या वाटीत काढून ठेवते मी.