‘बफर खराब झालाय’ म्हणणारा असर्ट

ज्या लायब्ररीच्या असर्टने (अट खोटी निघाली की प्रोग्रॅम तिथेच थांबवणारी तपासणी) मला छळलं, तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण असं करणाऱ्या लायब्रऱ्या बऱ्याच असणार. सी++ मधली, तयार बायनरी (आधीच कंपाइल केलेला कोड) आणि सोबत हेडर फाइली (आपल्या कोडमध्ये घ्यायच्या) असा मामला. डीबग मॅक्रोंविषयी तिच्या मॅन्युअलमध्ये जेमतेम एक वाक्य आहे: एनडीबग (असर्ट बंद करणारा मॅक्रो) डिफाइन केलेला नसेल, तर जादा तपासण्या आपोआप चालू होतात. कुठे चालू होतात, कोणाच्या बाजूला, याबद्दल चकार शब्द नाही. माझा सगळा मनस्ताप त्या न लिहिलेल्या भागातला आहे.

बसवणं, लिंक करणं, रिलीझ बिल्डमध्ये, म्हणजे एनडीबग देऊन, नमुना चालवणं, हे सगळं बिनबोभाट झालं. मग डीबग बिल्ड, म्हणजे एनडीबगशिवायचा, केला आणि लायब्ररीचं पहिलंच फंक्शन वापरताच प्रोग्रॅम आडवा. पडद्यावर फाइलचं नाव, ओळीचा नंबर, फंक्शनचं नाव आणि फसलेली अट. ही अट बफरच्या (डेटा ठेवायच्या मेमरीच्या तुकड्याच्या) ‘खुणे’ची होती. प्रत्येक बफरच्या शेवटी ४ बाइटांचा एक ठरलेला आकडा ठेवायचा, आणि बफर वापरण्याआधी तो जागेवर आहे का ते पाहायचं, अशी जुनी युक्ती आहे. आकडा बदललेला दिसला तर कोणीतरी मेमरीवर भलतंच काही लिहिलंय असं समजायचं. हेडरमधल्या त्या ओळीवर तशी कॉमेंटही होती: इथे थांबलात तर तुमच्या कोडमध्ये मेमरी बिघडते आहे.

‘तुमच्या कोडमध्ये’ असं छापलेलं वाचल्यावर माणूस स्वतःच्याच कोडमध्ये शोधणार, दुसरं काय करणार? मेमरीतल्या चुका पकडणारा ॲड्रेससॅनिटायझर लावून पाहिला. तो गप्प. बफर तयार करणं आणि लगेच त्याची लांबी विचारणं, एवढ्या दोन ओळींवर प्रोग्रॅम आणून ठेवला, तरी असर्ट फसतच होता. दोन ओळींत मी मेमरी बिघडवणार ती कुठे? खुणेची किंमत छापली तर कधी शून्य, कधी काहीतरी अगडबंब आकडा. मध्ये एक प्रिंटएफ (छापणारी ओळ) वाढवला की किंमत बदलायची, त्यामुळे संशय आणखी पक्का व्हायचा.

प्रिंटएफवरून आठवलं, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. असर्ट फसला की अबॉर्ट होतो, म्हणजे प्रोग्रॅम जागीच बंद पडतो, आणि मग तोवर साठून राहिलेलं आउटपुट फाइलीत पोचेलच याची हमी नाही. लिनक्सवरच्या सी लायब्ररीत, जीलिबसीमध्ये, २.२७ पासून, म्हणजे २०१८ पासून, अबॉर्ट ते पोचवत नाहीच. त्यामुळे आउटपुट लॉग फाइलीत वळवलं असेल, तर लॉगमधली शेवटची ओळ म्हणजे प्रोग्रॅमने चालवलेली शेवटची ओळ नव्हे. डीबगचे सगळे संदेश स्टँडर्ड एररवर काढा, तिथे ते साठून राहत नाहीत.

या काळात मला मिळालेला सल्ला एकच: रिलीझमध्ये चालतंय ना, मग असर्ट बंद करून टाक. हा सल्ला देणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण ऐकतही नाही. धुराचा गजर वाजला की त्याची बॅटरी काढून ठेवण्यातला हा प्रकार आहे. गजर खोटा असेलही, पण खोटा का वाजतोय ते कळल्याशिवाय त्याला हात कसा लावायचा?

पहिला खरा धागा दिला व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या टूलने. त्याचं म्हणणं, या अटीतली किंमत कधी भरलेलीच नाही. बिघडलेली आणि न भरलेली यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मग जीडीबी या डीबगरमध्ये बफरचा कन्स्ट्रक्टर (बफर तयार करणारं फंक्शन) चालण्याच्या आधी थांबलो, खुणेच्या पत्त्यावर वॉचपॉइंट (तिथे काही लिहिलं की थांबवणारा पहारा) लावला आणि प्रोग्रॅम पुढे सोडला. वॉचपॉइंट एकदाही वाजला नाही. प्रोग्रॅम थेट असर्टवर जाऊन मेला. म्हणजे त्या जागी कोणी चुकीचं लिहिलं नव्हतं, कारण तिथे कोणी काही लिहिलंच नव्हतं! खूण भरणं हे कन्स्ट्रक्टरचं काम, आणि कन्स्ट्रक्टर तर लायब्ररीच्या पोटात.

हेडर पुन्हा उघडलं. क्लासमध्ये पॉइंटर, लांबी, क्षमता, आणि त्याखाली ‘एनडीबग नसेल तर’ या अटीत गुंडाळलेली खूण. बस्स. एक चिमुकली फाइल तेच हेडर घेऊन दोनदा कंपाइल केली, एकदा एनडीबग देऊन, एकदा न देता, आणि क्लासचा साइझऑफ, म्हणजे बाइटांतला आकार, छापला. एकदा २४, एकदा ३२. खूण ४ बाइटांचीच, पण ६४-बिट मशीनवर क्लासचा आकार ८ च्या पटीत जात असल्याने फरक ८ चा पडतो.

तयार बायनरी एनडीबग देऊन बनवलेली होती, त्यामुळे तिच्या लेखी बफर २४ बाइटांचा आणि खूण अस्तित्वातच नाही. माझ्या डीबग बिल्डच्या लेखी बफर ३२ बाइटांचा. लांबी विचारणारं फंक्शन हेडरमध्ये इनलाइन, म्हणजे ते माझ्या बाजूला कंपाइल होणार आणि जी खूण कोणी लिहिलीच नाही ती तपासणार. एनडीबग हा अख्ख्या प्रोग्रॅमचा स्विच नाही, तो प्रत्येक फाइल कंपाइल होताना वेगळा ठरतो, आणि कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या लिंकरला त्याचा पत्ताही नसतो.

खरं तर असर्ट फसला हे नशीबच म्हणायचं. लायब्ररीने बफरांचा ॲरे दिला असता, तर पहिला बफर बरोबर आणि दुसऱ्यापासून सगळे ८-८ बाइटांनी सरकलेले मिळाले असते.

सोर्स उपलब्ध होता, म्हणून लायब्ररी स्वतः बिल्ड करायला घेतली. सीमेक या बिल्ड टूलमध्ये ‘रेलविथडेबइन्फो’ निवडला, कारण नावात डीबग माहिती आहे. परत तोच असर्ट. सीमेक त्या प्रकारातही, रिलीझसारखाच, एनडीबग घालतो. जीडीबीला लागणारी चिन्हं मिळतात, असर्ट मात्र गायब. शेवटी सरळ ‘डीबग’ प्रकार निवडून बिल्ड केला आणि गाडी रुळावर आली. मेसन या दुसऱ्या बिल्ड टूलमध्ये याच्या उलट आहे: तिथे रिलीझ निवडला तरी बी-एनडीबग हा पर्याय वेगळा दिल्याशिवाय असर्ट चालूच राहतात. बिल्ड टूल बदललं की हे आधी तपासा.

आणि हे टाळता येत नाही असंही नाही. जीसीसी कंपायलरसोबत येणाऱ्या स्टँडर्ड लायब्ररीचा डीबग मोड कंटेनरांचा (व्हेक्टरसारख्या साठवणींचा) आकार बदलतो, पण ते कंटेनर वेगळ्या नेमस्पेसमध्ये (नावांच्या गटात) ठेवतो, त्यामुळे असा कंटेनर घेणारं फंक्शन दोन बाजूंनी दोन तऱ्हांनी कंपाइल झालं तर बहुतेक वेळा लिंकरच अडवतो. नुसत्या हलक्या तपासण्या हव्या असतील तर तिच्यात त्यासाठी वेगळा मॅक्रो आहे, आणि तो आकाराला हात लावत नाही. मायक्रोसॉफ्टचा लिंकर तर इटरेटर डीबगची पातळी जुळली नाही की एरर २०३८ देऊन थांबतो. आमच्या या लायब्ररीला खूण कायमची ठेवून फक्त तपासणी अटीत घालता आली असती. खर्च किती, तर एका बफरमागे ८ बाइट.

माझ्या बाजूने आता एक स्टॅटिक असर्ट टाकलाय, बफरचा साइझऑफ लायब्ररीच्या बिल्डशी जुळतो का ते पाहणारा. तो कंपाइल होतानाच अडवतो, आणि एनडीबगचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. सी++ मध्ये तो २०११ पासून आहे, सी मध्येही त्याच वर्षीच्या स्टँडर्डपासून.

राहिलेलं थोडं. असर्ट फसल्यावर अट छापतो, किंमती छापत नाही. म्हणून अटीपुढे ‘आणि’चं चिन्ह (&&) देऊन अवतरणात एक वाक्य जोडा, तेही संदेशात येतं. असर्टच्या कंसात फाइल उघडण्यासारखं काम कधीही लिहू नका, एनडीबग आला की ते कामही जातं. टेम्प्लेटमधला स्वल्पविराम मॅक्रोला दोन आर्ग्युमेंटं वाटतो, तिथे अख्ख्या अटीला जादा कंस घाला. आणि फक्त असर्टसाठी ठेवलेल्या व्हेरिएबलवर रिलीझमध्ये ‘वापरलेलं नाही’ अशी वॉर्निंग आली, तर व्हेरिएबल काढू नका. सी++१७ पासून त्यासाठी ‘मेबी अनयूज्ड’ हे ॲट्रिब्यूट आहे, ते लावा.