सत्तरखालच्या दोन रेघा

बाबांच्या रिपोर्टवर डॉक्टरांनी आज "एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 70च्या खाली हवे" असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. त्या पेनावर एका गोळीचे नाव छापलेले होते.

"हा आकडा ठरवतो कोण?" बाबांनी विचारले.

"काका, गाइडलाइनच आहे तशी."

मला 2004 साल आठवले. अतिजोखमीच्या रुग्णांसाठी 70चा पर्याय सुचवणाऱ्या अमेरिकी समितीतील नऊपैकी आठ तज्ज्ञांचे स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्या, बनवणाऱ्या कंपन्यांशी आर्थिक संबंध होते आणि मूळ लेखात त्याचा उल्लेखही नव्हता. पुढच्या चाचण्यांनी कमी एलडीएलच्या बाजूनेच कौल दिला, हे मान्यच. पण तेव्हा वाचणाऱ्याला हे कळायला नको होते का?

अमेरिकेत 2014पासून डॉक्टरचे नाव घालून त्याला कंपन्यांकडून मिळालेली रक्कम कोणालाही पाहता येते. आपल्याकडे कधी पाहता येईल?