पाऊस उघडल्यावरची कोल्हेकुई

फेब्रुवारीतल्या एका सकाळी माझ्या शेजाऱ्यांनी कुंपणापाशी थांबून विचारलं, "काल रात्री ओरडले का ते?"

मी म्हटलं, "ओरडले. पावणेदहाला एकदा, आणि पहाटे पुन्हा."

ते गप्प झाले. कायोटी, म्हणजे अमेरिकेतले कोल्ह्यासारखे रानटी प्राणी, ओरडत होते ती जागा त्यांच्या झोपायच्या खोलीपासून अर्धा मैलही लांब नव्हती.

आम्ही राहतो ते अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कॅस्केड पर्वताच्या पश्चिम उतारावर, सॉक नदीच्या खोऱ्यात. ऑक्टोबरात पाऊस लागतो तो एप्रिल-मेपर्यंत मनापासून असा उघडत नाही. शेजाऱ्यांनी उभं आयुष्य या डोंगरांमध्ये चेनसॉ चालवण्यात घालवलं, आणि तेही बहुतेक वर्षं कानांवर काहीही न घालता. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, माणसांचे कान तपासणं हे माझं रोजचं काम. त्यांच्या ऐकण्याचा आलेख मी पाहिला तेव्हा ४००० हर्ट्झपाशी तो विहिरीत उतरावा तसा खाली गेलेला होता. सततच्या मोठ्या आवाजाने गेलेल्या कानाची ही ठरलेली खूण. (हे सगळं त्यांना सांगून, त्यांच्या परवानगीने लिहिते आहे.) माणसाचं बोलणं त्यांना बऱ्यापैकी कळतं. पण कायोटींच्या ओरडण्यातली वरच्या पट्टीतली तुटक किकाटी त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

त्या आठवड्यात त्यांची दोन कोकरं गेली होती. दोन्हींच्या गळ्यावर, जबड्याखाली, नेमके दात. मोकाट कुत्रा मेंढरांत शिरला की पाय, शेपटी, कुशी, सापडेल तिथे फाडतो. गळा धरून मारणं कायोटीचं. विजेचं कुंपण होतं, राखणीचा कुत्राही होता. पण ओढ्याला पूर येऊन कुंपणाखालची माती वाहून गेली आणि तिथे वाट झाली. कुंपण दुरुस्त झालं तरी सोकावलेली जोडी रोज रात्री येऊन ते तपासतच होती.

म्हणून मी त्यांचे कान झाले. बंदूक मी हातात घेत नाही, तरी शिट्टीतून जनावरांच्या आवाजात हाका घालणं हाही शिकारीतला भाग आहे, म्हणून रीतसर लायसन्स काढलं. १ जानेवारी १९७२ नंतर जन्मलेल्यांना इथे आधी शिकारीचं शिक्षण घ्यावं लागतं, तेही घेतलं. कायोटीची शिकार या राज्यात वर्षभर खुली असते.

पावसाळी खोऱ्यात कायोटी शोधायचा तो कानाने. डोळ्यांना इथे फार काम नाही. तोड होऊन पुन्हा लावलेल्या डग्लस फरच्या रोपांत, नेच्यांच्या आणि सलाल नावाच्या झुडपांच्या जाळीत तीस पावलांपलीकडचं दिसत नाही. आणि कानाचे शत्रू इथे तीन: पाऊस, नदी आणि स्वतःचं रेनकोटचं टोपरं.

टोपऱ्यापासून सुरुवात करते, कारण ते आपल्या हातात आहे. त्यावर थेंब पडले की डोक्याच्या भोवती ताशा वाजतो. शिवाय कानाची पाळी झाकली की आवाज पुढून आला की मागून, हे कळेनासं होतं. पाळीच्या वळ्या उंच आवाजाला जो आकार देतात त्यावरून मेंदू पुढचं-मागचं ओळखतो. म्हणून मी लोकरीची टोपी घालते, कानांच्या वर दुमडून. कान गार पडतात, लाल होतात. पडू देत.

पाऊस चालू असताना ऐकायला जाण्यात काही अर्थ नसतो. पाऊस थांबला रे थांबला की निघायचं, हेही चुकीचं. आकाश थांबतं, झाडं थांबत नाहीत. फरच्या फांद्यांतून अर्धा-पाऊण तास ठिबकणं चालूच राहतं, आणि जमिनीवरच्या पानांत त्याची जी सतत तडतड होते ती नेमकी वरच्या पट्टीतले आवाज गिळते. त्यामुळे आम्ही झाडांखाली उभे राहतच नाही. लाकूडतोडीच्या रस्त्यांवर ओंडके रचायला मोठ्या सपाट जागा केलेल्या असतात, त्यांना इथे लँडिंग म्हणतात. तिथे मधोमध उभं राहायचं. नदीचा खळखळाट तळाशी सगळीकडे पुरून उरतो, म्हणून लँडिंगही डोंगराच्या वळणाआडचं निवडायचं, जिथे मधला दांड नदीला अडवतो.

पाऊस उघडून वारा पडला आणि खोऱ्यात गार हवा साचून बसली की मात्र ऐकण्यासारखी वेळ दुसरी नाही. खाली गार, वर त्याहून ऊबदार, अशी हवा असली की आवाज वर उडून न जाता वाकून पुन्हा खाली येतो. अशा संध्याकाळी मैलभर लांबचा कायोटी परसात असल्यासारखा ऐकू येतो.

सूर्य मावळून वीसेक मिनिटं झाली की मी एक हाक घालते. एकट्या कायोटीची लांब हाक, शिंगाच्या आकाराचं तोंड असलेल्या शिट्टीतून. एकच. मग तीन मिनिटं श्वाससुद्धा बेतानं. पुष्कळ जण इथे घाई करतात, उत्तर नाही म्हणून पुन्हा पुन्हा ओरडतात, आणि दूरवर सुरू झालेलं उत्तर स्वतःच्याच आवाजाखाली बुडवतात. जानेवारी ते मार्च हा त्यांचा जोडीचा काळ. हद्दीत परका आवाज उठला तर ठरलेली जोडी सहसा गप्प राहत नाही.

उत्तर आलं की आकड्याला फसायचं नाही. सहा-सात असल्यासारखं वाटतं, पण बहुतेक वेळा दोनच असतात. दोघं इतक्या झपाट्याने पट्टी बदलत, एकमेकांच्या आवाजात आवाज गुंफत ओरडतात, वर समोरच्या उताराचा प्रतिध्वनी, की कळप उभा राहतो. मराठीत निरर्थक ओरड्याला आपण कोल्हेकुई म्हणतो. मी तो शब्द त्या अर्थाने वापरणं सोडून दिलं आहे. थॉमस से या निसर्गअभ्यासकाने १८२३ मध्ये या प्राण्याला कॅनिस लॅट्रन्स, म्हणजे भुंकणारा कुत्रा, असं नाव दिलं. माझ्या मते कोल्हेकुई हा शब्द त्याहून कितीतरी जवळचा आहे. त्यात ती शेवटची 'कुई' आहे, आणि माझ्या शेजाऱ्यांना ऐकू येत नाही ती तीच.

दिशा धरायची ती डोकं हळू फिरवत. एका कानाला आवाज दुसऱ्याच्या आधी पोचतो. फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी, पण मेंदूला तेवढा पुरतो. दोन्ही कानांत आवाज सारखा झाला की नाक ज्या दिशेला, ती दिशा. शेजारी होकायंत्र लावून नकाशावर पेन्सिलीने रेघ मारतात. दुसऱ्या संध्याकाळी दुसऱ्या लँडिंगवरून दुसरी रेघ. छेदतात तिथे शोधायचं.

पहिल्या वेळी मी चुकले, आणि ती चूक माझ्या धंद्यातली होती म्हणून जास्त लागली. एकच आवाज दोन वाटांनी आला तर मेंदू आधी पोचलेल्याला मानतो आणि मागून येणारा प्रतिध्वनी बाजूला टाकतो. हे मी लोकांना समजावून सांगते. पण थेट वाट डोंगराच्या दांडाने अडवलेली असेल, तर आधी पोचतो तोच प्रतिध्वनी असतो! समोरच्या तोड झालेल्या उघड्या उतारावरून आवाज परतून येत होता, आणि मी छातीठोकपणे तिकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या उतारावर पहाटेपासून तीन तास भिजत बसलो. कायोटी आमच्या पाठीमागच्या डोंगरात होते. शेजारी एका शब्दाने बोलले नाहीत, फक्त नकाशावरची रेघ खोडली. त्यानंतर मी एका जागेच्या भरवशावर कधीच बोट दाखवत नाही. शंभर पावलं सरकून पुन्हा ऐकते.

रेघा जुळल्या की मग चिखल बघायचा. पावसाचा यात मात्र उपकार आहे. रात्रभर पाऊस झालेला असेल आणि सकाळी रस्त्याच्या तिठ्यावर केसांनी भरलेली लेंडी अखंड दिसली, कडा न विरघळलेली, तर ती पाऊस थांबल्यानंतरचीच. पाऊलखुणेचंही तसंच. ओल्या झुडपांतून अंग घासत जाण्यापेक्षा कायोटी जुने ओंडके ओढायचे रस्तेच धरतात, हे मी पावसाळी दिवसांत वारंवार पाहिलं आहे.

शेवटी रेघा जुळल्या त्या पहाटे ढग डोंगराच्या कमरेपर्यंत उतरले होते. ऊन नसलं की गार हवा उताराने खालीच वाहत राहते, दिवस वर आला तरी लवकर उलटत नाही. कायोटी हाकेला सरळ येत नाही. वळसा घालून वाऱ्याखाली जातो आणि आधी वास घेतो. म्हणजे तो हाकेच्या खालच्या अंगाला उतरणार. म्हणून मी वर बसले, भल्यामोठ्या बुंध्याला पाठ टेकून. या खोऱ्यात प्यूमा, म्हणजे डोंगरातली मोठी रानमांजरं, आहेत, आणि सशाच्या किंकाळीला तेही येतात. शेजारी माझ्यापासून साठ पावलं खाली, ओढ्याच्या काठी. ओढा दुथडी भरलेला, तो ओलांडून त्यांच्या वाऱ्याला जाण्याचे कष्ट कायोटी घेणार नाही, हा हिशेब. ओढ्याच्या आवाजात कुणाला काही ऐकू येत नाही, पण ते त्यांच्या डोळ्यांनी शिकार करतात, त्यांचं काही अडत नाही. माझी टोपी भगभगीत नारिंगी, आणि तिच्या दिशेला नळी कधीही वळवायची नाही, हे आधी दोनदा बोलून झालेलं. मला काही ऐकू आलं तर मी हात वर करायचा.

आधी उंदराची बारीक चूंचूं. पाच मिनिटांनी सशाची किंकाळी. शिट्टीची पट्टी ओलीने चिकटते, म्हणून दुसरी कोटाच्या आत छातीशी धरलेली असते. ती काढली, थोडं रडवलं, थांबले. अकराव्या मिनिटाला डावीकडे वरच्या अंगाला नेच्याचं पान हललं. थेंब पडून हललेलं पान एकदाच टप्प करतं. हे ओढल्यासारखं, ओलं, लांबलेलं होतं. मी हात वर केला.

तो अपेक्षेप्रमाणेच खाली उतरला. शेजारी त्याला पाहत राहिले, आणि मला ते क्षण फार लांब वाटले. वॉशिंग्टनच्या पश्चिम भागात लांडग्यांना केंद्र सरकारचं संरक्षण आहे, आणि धुक्यात राखाडी अंग राखाडीच दिसतं. मोठे टोकदार कान, निमुळतं तोंड, पंधरा किलोच्या आतलं हलकं शरीर, हे सगळं दिसल्याशिवाय ते घोड्याला बोट लावत नाहीत. मग एकच बार झाला.

नर होता, भरल्या अंगाचा. भिजलेल्या केसांना मातीचा आणि फरच्या चिकाचा वास येत होता. मी त्याच्या कानाला हात लावून पाहिला. आतून केसाळ, पातळ, अजून ऊबदार. मी दिवसभर कानांतच काम करते, पण असा कान मी पाहिलेला नव्हता. शेजाऱ्यांनी टोपी काढली आणि थोडा वेळ हातात धरून ठेवली.

मादीला आम्ही हाक घातली नाही. तसं ठरलं नव्हतं, पण दोघांनीही सामान बांधलं. त्यानंतर त्या वसंतात कोकरं गेली नाहीत.

एप्रिल-मेमध्ये आम्ही शिट्ट्यांना हात लावत नाही. तेव्हा बिळात पिल्लं असतात, आणि पिल्लाच्या रडण्याची हाक घातली की आई डोळे मिटून धावत येते. कायद्याने त्याला मनाई नाही. आम्ही करत नाही.

ऐकायला मात्र जातो. मेच्या अखेरीला एका कोरड्या संध्याकाळी शेजाऱ्यांनी खिशातून डबी काढली आणि मी त्यांच्यासाठी बसवलेली श्रवणयंत्रं घातली. पावसात ती भिजून बिघडतील म्हणून हिवाळाभर घरीच असतात. वळणाआडच्या लँडिंगवर आम्ही उभे राहिलो. मी शिट्टी वाजवली नाही. नऊच्या सुमाराला वरच्या दांडामागून ओरडणं सुरू झालं. त्यांनी डोकं सावकाश डावीकडे वळवलं, मग थोडं परत, मग थांबले.

"कडेला ते बारीक काय आहे?" त्यांनी विचारलं.

"पिल्लं," मी म्हटलं.

त्यांनी नकाशा काढला, पण पेन्सिल काढली नाही.